वाडीतल्यांना सेंद्रियकडे वळवायचंय, पण सुरुवात कुठून करू?

कातळावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातलं छोटं गाव. बारा वर्षं मुंबईत काढून दोन वर्षांपूर्वी घरी परत आलो. घरची 40 हापूस कलमं, दीड एकर काजू, 12 गुंठे भात, आगरात थोडे माड आणि पोफळी. मला सेंद्रिय करायचंय, आणि एकट्याने नाही, अख्ख्या वाडीने मिळून, कारण एकट्याची फळमाशी शेजारच्या कलमावरून येणारच.

तर गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात मीटिंग घेतली. प्रोजेक्टर राजापुरातून आणला, पीपीटी केली, माती, कॅन्सर, गांडूळ, पुढच्या पिढ्या, सगळं सगळं घेतलं. 22 जण आले. कांदेपोहे खाल्ले, चहा घेतला, "छान सांगितलंस हो" म्हणाले आणि गेले. जाताना आमचे एक काका चपला घालता घालता म्हणाले, "तू पहिला कर, आम्ही बघतो." आणि आमचे अण्णा, म्हणजे वडील, ते तर मीटिंगलाच आले नाहीत, कलमावर फवारणी करत होते 😑

तुमच्याकडे कोणी असं करून दाखवलंय का? लोकांना पटवायचं कसं?

---

आबा_वेंगुर्ला

अरे बाबा, तुझी मीटिंग-बिटिंग रवांदे, आधी शेण खय आसा ता सांग. माझ्या ल्हानपणाक आमच्या गोठ्यात चौदा गोरवां होती, आता एक म्हस आसा ती पण भाकड.

बाकीच्यांक कळाक व्हया म्हणान मराठीत लिवतंय. माझे वडील सेंद्रियच करत होते, पण तेव्हा त्याला कोणी सेंद्रिय म्हणत नव्हतं. शेणखत होतं, कवळ (झाडांचा पाला-फांद्या) तोडायची माणसं होती, भाजावळ (रोपं टाकायची जमीन पाला-शेण जाळून भाजणं) करायला घरात सहा बायका होत्या. आता वाडीत 31 घरं आहेत त्यातली 14 गणपतीलाच उघडतात. युरियाची गोण एक माणूस डोक्यावरून नेतो आणि अर्ध्या तासात काम खल्लास. शेणखताच्या 20 टोपल्या सडा (कातळाचं पठार) उतरून मळ्यात कोण नेणार? मजुरीचा दर बघा आधी. तुमच्या पीपीटीत ती स्लाइड होती काय?

---

मोहोर_देवगड

एक तर एप्रिलमध्ये मीटिंग. आंब्याच्या सीझनमध्ये. 22 आले हेच नशीब समजा.

आता कडू वाटेल पण बोलतो. हापूसला एकदम सेंद्रिय म्हणजे घर विकायचं काम आहे. माझी 300 कलमं, त्यातली 180 कराराची. तुडतुडे एकवेळ आवरतात, पण गेली काही वर्षं फुलकिडीने जो मांडलाय खेळ, मोहोर हातात घेऊन पांढऱ्या कागदावर झटका, काळ्या-पिवळ्या सुतासारख्या किडी पळताना दिसतील, आणि आठ दिवसांत वाटाण्याएवढी फळं खरवडल्यासारखी खाकी होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सहा फवारण्यांचं वेळापत्रक आहे, गेल्या साली माझ्या नऊ झाल्या, तरी अर्धा माल कॅनिंगला (डबाबंद रसाच्या कारखान्याला) गेला.

आणि दुसरं कोणी बोलत नाही ते कल्टारचं. म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. हापूस मुळात एक वर्ष देतो, दुसऱ्या वर्षी झोपतो. पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती ते ओतलं की दरवर्षी मोहोर, तोही लवकर. सेंद्रियच्या नियमात ते बसत नाही. म्हणजे सेंद्रिय केलं की पहिल्या वर्षी औषध बंद म्हणून माल कमी आणि दुसऱ्या वर्षी झाडच झोपलेलं. ज्याने बागायतदाराला आगाऊ पैसे दिलेत तो करारवाला हे ऐकून घेईल का? त्याला तीन वर्षांत बाग पिळून घ्यायचीय, चौथ्या वर्षी कलम वाळलं तर त्याचं काय जातंय. कल्टार मोजून घातलं तर ठीक, पण हे लोक डोळ्यांनी मोजतात.

त्यात औषधाच्या दुकानात उधारी. दिवाळीनंतर दुकानदार औषध देतो, पैसे मे मध्ये. सेंद्रियवाल्या शेतकऱ्याला जीवामृताचं (शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रावणाचं) गूळ-बेसन उधार देणारं दुकान दाखवा मला.

---

डोंबिवलीची_माहेरवाशीण

ग्राहकाच्या बाजूने बोलते. आम्हाला खरंच सेंद्रिय आंबा हवाय, लहान मुलं आहेत घरात, डझनाला शंभर-दोनशे जास्त द्यायला काही वाटत नाही, पण खरा सेंद्रिय ओळखायचा कसा? सोसायटीच्या गेटवर प्रत्येक जण "ताई नैसर्गिक आहे" म्हणतो. तुम्ही लोकांनी आधी विश्वास तयार करा मग ग्राहक आपोआप येतील.

---

मोहोर_देवगड

ताई रागावू नका पण मागच्या मे मध्ये माझ्या एका डोंबिवलीच्याच गिऱ्हाईकाने पाच डझनाची पेटी परत केली, का तर सालीवर काळे ठिपके. करपा होता तो, आतून फळ केशरी. फोटो पाठवून म्हणाले "इतके पैसे देऊन डागवाला माल?" फवारणी नको, डाग पण नको, असं कसं जमायचं?

---

डोंबिवलीची_माहेरवाशीण

ती मी नव्हे 😀 पण मान्य. यावर्षी डागवाले पाठवा, मी घेईन, आणि मैत्रिणींना सांगेन डाग म्हणजे काय ते.

---

आगरातली

मी गुहागरजवळची, नारळ-सुपारीवाली. आंब्याचं मला कळत नाही पण माझी फसलेली गोष्ट सांगते, उपयोगी पडेल.

पाच वर्षांपूर्वी व्हिडिओ बघून उत्साहात आगरातच शेणखताचा मोठा खड्डा केला, शेण, पातेरा, झावळ्यांचे तुकडे, सगळं त्यात. पुढच्या वर्षी माडांच्या नव्या झावळ्या बघते तर कात्रीने कापल्यासारख्या, पंख्यासारख्या नक्षीच्या. गेंड्या भुंगा! मी खतखड्डा केला नव्हता, भुंग्यांचं बाळंतपणाचं घर बांधलं होतं. फावडं मारलं तर अंगठ्याएवढ्या पांढऱ्या जाड अळ्या, एका टोपलीत चाळीसेक निघाल्या, कोंबड्यांनी मेजवानी केली. दोन माड गेले. सासूबाई अजून सांगतात सगळ्यांना, "हिने सेंद्रिय केलं नि माड खाल्ले."

नंतर कृषीवाल्यांकडून कळलं की खड्ड्यात मेटारायझियम नावाची बुरशी सोडायची, ती या अळ्यांवर वाढते आणि मारते, आणि खत दोन महिन्यांनी वरखाली करायचं. आता तसं करते. माडाच्या शेंड्यात भुंगा शिरलाच तर तारेच्या आकड्याने काढायचा, हे आमचे आजोबा करायचेच. म्हणजे सेंद्रिय म्हणजे नुसतं "औषध नको" नाही, औषधाच्या जागी डोकं आणि हात घालावे लागतात, हे आधीच सांगा लोकांना, नाहीतर पहिल्या दणक्याला पळतील.

सुपारीच्या कोळेरोगाला (त्यात फळं सडून गळतात) पावसाआधी आम्ही बोर्डो मारतो, एक टक्का, म्हणजे एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, 100 लिटर पाणी. काही लोक म्हणतात हे केमिकल आहे. सेंद्रियच्या नियमात तांबं मर्यादेत चालतं, पण मर्यादेत. आणि मिश्रण नीट जमलंय का हे बघायला लोखंडी कोयत्याचं पातं बुडवायचं, त्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. नाहीतर पोफळीची पानं करपतात.

---

घाटावरचा_पाहुणा

सगळं भावनिक चाललंय. श्रीलंकेने 2021 मध्ये एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली, काही महिन्यांत भात आणि चहा दोन्ही बसले, नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. शेतकऱ्याला सेंद्रियचा उपदेश करणारे स्वतः पगारावर जगतात.

---

कातळावरचा

@घाटावरचा_पाहुणा मी पगार सोडून आलोय हो 🙂 श्रीलंकेचं उदाहरण बरोबर आहे, पण ते एका रात्रीत लादल्याचं उदाहरण आहे. सिक्कीमने 2003 ला ठरवलं आणि पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं 2016 ला, तेरा वर्षं गेली. मी पण एका मीटिंगमध्ये करायला निघालो होतो, हे आता कळतंय.

@आबा शेणाचं तुमचं शंभर टक्के. स्लाइड नव्हती. जीवामृताला एकरी 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि 200 लिटर पाणी लागतं, म्हणजे शेण ट्रॉलीभर नको, पण रोजचं ताजं हवं, आणि वाडीत गाई आहेत फक्त तीन घरांत. बाकी फवारणीच्या अर्काला निंबोळी सांगतात, 100 लिटरला पाच किलो, आणि आमच्याकडे कडुनिंब औषधाला सापडत नाही, घाटावरून पोतं मागवावं लागतं.

---

वरकस_आणि_मळे

कडुनिंब कशाला शोधताय, किनाऱ्याला करंज उभे आहेत. करंजाचं तेल पण फवारतात. आपल्याकडे जे आहे ते सोडून घाटावरच्या रेसिपी कॉपी करायची सवय लागलीय.

मी सावंतवाडी साइडचा. गेली सात वर्षं करतोय, गटाने, सुरुवातीला पाच घरं आता अकरा. लंबं होईल पण लिहितो.

तुमची चूक एकच, तुम्ही हापूसपासून सुरुवात केलीत. हापूस हे कोकणातलं सगळ्यात जास्त औषध खाणारं आणि सगळ्यात जास्त पैसा अडकलेलं पीक, त्याला कोण हात लावू देईल? आम्ही उलटं केलं. कागद घेऊन घरोघर गेलो आणि एकच प्रश्न विचारला, तुमच्या जमिनीत असं कुठलं झाड आहे ज्याला तुम्ही आजपण काहीच मारत नाही? तर कोकम निघाले, फणस निघाले, वरकशीतले (उतारावरच्या हलक्या जमिनीतले) काजू निघाले ज्याला लोक फक्त बिया वेचायला जातात, कुळीथ निघालं जे भातानंतर ओलीवर नुसतं फेकतात. म्हणजे निम्मा गाव आधीच सेंद्रिय होता, फक्त कागदावर नव्हता आणि भाव साधाच मिळत होता. तिथून सुरुवात करा. कुणाला काहीच सोडावं लागत नाही, नुकसान शून्य. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, वेंगुर्ल्याच्या काजूला आहे, त्याचा फायदा घ्यायला काय हरकत आहे.

कागदाचं म्हणजे पीजीएस, शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची हमी देऊन मिळणारं सेंद्रिय प्रमाणपत्र. पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, एकमेकांच्या जमिनी एकमेकांनीच तपासायच्या, तीन वर्षं. मधल्या काळात "पीजीएस ग्रीन" म्हणून विकता येतं, नंतर पूर्ण ऑरगॅनिक. देशात विकायला चालतं, परदेशात पाठवायचं तर एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) थर्ड पार्टी सर्टिफिकेट लागतं, ते महाग. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांत हेक्टरी 31,500 रुपये धरलेत, त्यातले 15,000 निविष्ठांसाठी (खत, बी वगैरे) थेट खात्यात, पण गट 20 हेक्टरचा, आणि आपले कुणगे (शेताचे छोटे तुकडे) गुंठ्यात, त्यामुळे दोन-तीन वाड्या जोडाव्या लागतात. खरी गंमत पुढे, सातबारा. आमच्या काजूच्या तुकड्यावर 27 नावं, त्यातली सहा मयत, चार मुंबईत, एक बडोद्याला. संमती गोळा करताना मला वाटलं सेंद्रिय सोपं, वारस नोंद कठीण. गणपतीला सगळे येतात तेव्हाच फॉर्म फिरवा, बाकी वर्षभर कोणी भेटत नाही.

काजूवर ढेकण्या येतो, पालवी नि मोहोर शोषतो, टोकं जळल्यासारखी काळी होतात. तिकडे केरळात कासरगोडला सरकारी काजू बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं याच किडीसाठी, पुढे तिथल्या माणसांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी वाचलंय, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर बंदी घातली. आमच्याकडे एक म्हातारी होती ती काजूवरची हुमल्यांची घरटी कधीच काढू द्यायची नाही. हुमले म्हणजे पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या. आम्ही पोरं बोंड काढायला चढलो की चावून चावून वेड लावायच्या, आम्ही शिव्या घालायचो. नंतर कळलं, ज्या झाडावर हुमले त्या झाडावर ढेकण्या टिकत नाही. आता आम्ही एका झाडावरून दुसऱ्यावर दोरी बांधून देतो त्यांना जायला, आणि बोंड काढायला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून अंगाला राख चोळून जातो. तरी चावतातच, ते सोडा.

आंब्याला आम्ही अजून पूर्ण हात लावलेला नाही, खोटं कशाला बोलू. प्रत्येकाने घरच्या खाण्याची दोन-तीन कलमं बाजूला काढलीत, त्यावर कल्टार नाही, भुरीला (मोहोरावरच्या पांढऱ्या बुरशीला) गंधक, बाकी साफसफाई, मधल्या फांद्या काढून आत ऊन येईल अशी छाटणी. फळमाशीला मात्र सगळ्यांनी एकदम रक्षक सापळे लावले, आपल्या दापोलीच्या विद्यापीठाचे, हेक्टरी चार. ते सेंद्रियवाला, रासायनिकवाला दोघांनाही पटतात कारण त्यात भांडण नाही. त्यात नर माशाच अडकतात, त्यामुळे एकट्याने लावून उपयोग नाही, आख्ख्या वाडीने लावले तरच. आमच्या वाडीची पहिली एकी सेंद्रियवर नाही, या डब्यांवर झाली.

---

मोहोर_देवगड

हे पटलं. 2014 ला युरोपने आंबा बंद केला तो फळमाशीवरूनच, 2015 ला उठवला, तेव्हापासून मी पण डबे लावतो. पण शेजारचा लावत नाही 😤

---

आबा_वेंगुर्ला

वरकसवाल्या झिला, बरा लिवलंस. आणि भातात उंदीरमारी (गिरिपुष्प) घाला. बांधावर लावलेली आसताच. गुंठ्याक 30 किलो पालो चिखलात गाडायचो. चारसूत्रीत (भात लावूची सुधारित पद्धत) ह्याच सांगतत, फक्त चौथ्या सूत्रात युरियाच्या गोळ्ये आसत, ते तुमका नको आसतले तर सोडा.

आणि वालय, मुणगो, बेळो असला बियाणा शोधा. ह्या उंच भातांक युरिया घातलो तर आडवी पडतत, म्हणजे तेंका युरिया नकोच आसता. संकरित लावून सेंद्रिय करूक गेलंस तर रडशील.

---

कातळावरचा

(सात महिन्यांनी, उशीर झाला, सॉरी)

अपडेट द्यायचं राहिलं होतं. पीपीटी परत उघडली नाही.

मे अखेर कागद घेऊन घरोघर फिरलो, वरकसरावांचा प्रश्न विचारत. 17 घरांपैकी 15 घरांत कोकम आहे आणि एकानेही जन्मात त्याला काही मारलेलं नाही. मीटिंगनंतर "तू पहिला कर" म्हणणाऱ्या त्याच काकांकडे रतांब्याची (कोकमाची) 11 झाडं. आमसुलं त्यांच्याकडच्या काकी आणि अजून चार बायकांनी केली, डोंबिवलीच्या ताईंनी सोसायटीत 18 किलो घेतली. ताई, पैसे वेळेवर आले, आभार. बायकांनी पुढच्या वर्षी आगळ (कोकमाचा रस) पण करायचं ठरवलंय आणि त्यात माझं मत कोणी विचारलं नाही, बरंच झालं.

भाताचं. 12 गुंठ्यांतले फक्त 4 अण्णांनी मला दिले, "तेवढ्यात काय ते कर". वालयचं बी आबांच्या ओळखीने मिळालं. तरवा (भाताची रोपं) जमीन भाजल्याशिवाय करायला गेलो, ती चूक, तण इतकं आलं की आईने आठ दिवस पाठ धरून निंदलं आणि मला अजून ऐकवते. पुढच्या वर्षी गादीवाफ्यावर करून बघणार. उंदीरमारीचा पाला मी आणि दोन भाच्यांनी तोडला, 120 किलो म्हणजे किती असतं ते तोडल्यावर कळतं. दुसऱ्या चार गुंठ्यांत अण्णांचं नेहमीचं संकरित, युरियावर. झोडणी झाली तेव्हा अण्णांनी स्वतः तराजू लावला, त्यांचं 152 किलो, माझं 118. अण्णा काहीच बोलले नाहीत, वहीत दोन्ही आकडे लिहिले.

मग उकडा तांदूळ करून आणला. पहिल्या दिवशी आईने पेज केली, लाल, घट्ट, वर खोबऱ्याची कातळी आणि सुकी मिरची. अण्णांनी दोन वाटग्या खाल्ल्या आणि विचारलं, "हे किलोनी काय भावाने देणार?" मी सांगितलं. ते उठून वही घेऊन आले आणि गुणाकार करत बसले.

काल म्हणाले पुढच्या वर्षी आठ गुंठे घे. कलमांना मात्र हात लावायचा नाही, तीन सोडून. ती तीन पण त्यांनीच निवडलीत, विहिरीजवळची, म्हणजे त्यांना येता-जाता नजर ठेवता येईल.

गटाला नावं झालीत पाच, काका धरून. सातबाऱ्याचं घोंगडं अजून भिजतंय, माझ्या तुकड्यावर 19 नावं निघाली.

@आगरातली मेटारायझियम किती आणि कधी सोडायचं ते जरा सविस्तर सांगाल का? शेणखताचा खड्डा भरत आलाय आणि माडापासून तो फक्त वीस पावलांवर आहे.

---

आगरातली

वीस पावलं? अहो आधी खड्ड्यावर मासेमारीच्या जुन्या जाळ्याचं झाकण टाका आज रात्रीच. बाकीचं मेसेज करते.